दांडा कुणाच्या मापाचा?

वरवे बुद्रुक पुणे–सातारा महामार्गालगतचं गाव. एका अंगाला खेड शिवापूर-वेळूकडचे कारखाने, दुसऱ्या अंगाला शिरवळची औद्योगिक वसाहत, आणि रस्ता सोडून जरा आत वळलं की शिवगंगेच्या खोऱ्यातली भातखाचरं. या पट्ट्यात फॅब्रिकेशनचं शेड टाकून बसलेल्या माणसाकडे दोन्हीकडून काम येतं. कंपनीला ट्रॉली, रॅक, वेल्डिंगचं फिक्श्चर हवं असतं. शेतकऱ्याला विडर, पेरणीची नळी, मळणी यंत्राची दुरुस्ती हवी असते. गिऱ्हाईक वेगळं, माल वेगळा, पण प्रश्न दोन्हीकडे तोच : हे वापरणारं माणूस किती उंच आहे, त्याचा हात कुठवर पोचतो, आणि दिवसभर वापरल्यावर त्याच्या पाठीचं काय होतं? ड्रॉइंगवर पत्र्याची जाडी असते, वेल्डची लांबी असते, भोकाचा व्यास असतो. माणसाचं माप मात्र बहुतेक वेळा नसतंच.

वाहन आणि विमान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हा प्रश्न संगणकावर सोडवतात. साचा पाडण्याआधी त्या आपल्या डिझाइनमध्ये संगणकातली माणसं बसवून बघतात. बोइंगमध्ये विल्यम फेटर यांनी 1964 च्या सुमारास कॉकपिटच्या अभ्यासासाठी संगणकावर मानवी आकृती रेखाटली. पुढे इंग्लंडमध्ये 'सॅमी', अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'जॅक' आणि जर्मन मोटार उद्योगासाठी 'रॅमसिस' अशा प्रणाली तयार झाल्या. यातल्या आकृतीला सांधे असतात, प्रत्येक सांध्याच्या हालचालीची मर्यादा असते, आणि तिची उंची, जाडी, हातापायांची लांबी हवी तशी बदलता येते. तिला डिजिटल मानवी प्रतिकृती म्हणतात. या प्रणाली महाग आहेत. त्यामागची पद्धत मात्र तुमच्या शेडमधल्या लॅपटॉपवर वापरता येते, आणि ती वापरलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बहुतेकांना वाटतं, सरासरी माणूस धरून वस्तू केली की ती निदान बहुतेकांना चालेल. 1952 मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी 4,063 वैमानिकांची मापं तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापं घेऊन प्रत्येक मापात मधल्या 30 टक्क्यांत बसणारा तो सरासरी, अशी बऱ्यापैकी सैल व्याख्या केली. दहाही मापांत सरासरी असलेला वैमानिक त्यांना एकही सापडला नाही. ठेंगण्या माणसाचे हात लांब असू शकतात, उंच बाईचा तळवा लहान असू शकतो, दोघांची उंची सारखी असून एकाची मांडी दुसऱ्यापेक्षा बरीच लांब असू शकते. हाच धोका पर्सेंटाइलमध्येही आहे. सीईटीमुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे : पाचवा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या पाच जणांची उंची याहून कमी. पण उंची पाचव्या पर्सेंटाइलची, म्हणून हात, पाय, कंबर, तळवा सगळंच पाचव्या पर्सेंटाइलचं धरलं तर जी आकृती तयार होते तशी बाई गावात सापडत नाही. एवढंच नाही, पायाची, धडाची आणि मानेची अशी मापं बेरजेला घेतली तर ती एकूण उंचीशी जुळतही नाहीत.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : प्रतिकृतीचं शरीर कुणाचं आहे? परदेशी सॉफ्टवेअर उघडलं की समोर उभी राहते ती बहुधा युरोप-अमेरिकेतल्या मापांची आकृती. अमेरिकेतल्या पाचव्या पर्सेंटाइलच्या बाईची उंची साधारण 150 सेंटिमीटर आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण 152. म्हणजे तिकडची अगदी ठेंगणी बाई जवळपास आपली मधली बाई झाली. 'सर्वांत लहान आकृतीलाही हे जमतंय' असा हिरवा रंग पडद्यावर दिसला म्हणून तुम्ही यंत्र मंजूर केलंत, तर आपल्याकडच्या कितीतरी बाया हिशेबाबाहेर राहिल्या. चित्र देखणं असतं, त्यामुळे ही चूक सहज लक्षात येत नाही.

आपल्या लोकांची मापं उपलब्ध आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक 1997 मध्ये काढलं आणि डिझाइन शिकणाऱ्या पिढ्यांनी ते वापरलं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने 2009 मध्ये भारतीय शेतकामगारांची मापं आणि ताकद यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात शरीराची 79 मापं आहेत, शिवाय ढकलण्याची, ओढण्याची, मुठीची ताकद आहे. शेती अवजार करणाऱ्यासाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने भारतीय वाहनचालकांची मापं थ्री-डी स्कॅनरने घेण्यासाठी 'साइझ इंडिया' हा प्रकल्प राबवला आणि त्यावरचा शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तयार कपड्यांच्या मापांसाठी निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेने 'इंडियासाइझ' हाती घेतलं, त्यात सहा शहरांतल्या 25 हजारांहून अधिक लोकांना मोजायचं ठरलं. यातलं कुठलंही कोष्टक हाती घेताना मोजलेली माणसं कोण होती ते आधी वाचा. गाडी चालवणाऱ्यांची मापं गाडीसाठी उत्तम आहेत. चिखलात बेणणी करणाऱ्या बाईसाठी ती तुम्हाला वाट दाखवणार नाहीत.

म्हणून कोष्टकाबरोबर आपल्या गिऱ्हाइकांची मापं स्वतः घ्या. स्थानिक कारागिराला इथे मोठ्या कंपनीहून जास्त सोय आहे, कारण वस्तू कोण वापरणार ते त्याला ठाऊक असतं. भिंतीवर दोन मीटरची सरळ पट्टी ठोका, एक मोठा लाकडी गुण्या घ्या, वजनकाटा आणि पाठीचा कणा सरळ ठेवून बसता येईल असं सपाट स्टूल आणा. तीस-चाळीस माणसं मोजा, आणि त्यांत गावातली सर्वांत ठेंगणी, सर्वांत उंच, सर्वांत जाड माणसं मुद्दाम घ्या. उभं राहून उंची, खांद्याची उंची, कोपराची उंची, गुडघ्याची उंची. हात पुढे करून पाठीच्या भिंतीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर. बसून डोळ्यांची उंची, गुडघ्यामागच्या खोबणीची उंची, नितंबांची रुंदी. तळव्याची लांबी-रुंदी आणि वजन. अवजारासाठी एवढं पुरतं. प्रत्येक माप हाडाच्या ठरलेल्या खुणेपासून घ्यायचं असतं. त्या खुणा आयएसओ 7250 या मानकात दिल्या आहेत, आणि तुमचा आकडा कोष्टकातल्या आकड्याशी ताडून बघायचा असेल तर त्याच खुणा पाळाव्या लागतात. बायकांची मापं बाईनेच घ्यावी. कशासाठी मोजतोय ते आधी सांगावं, नाव लिहू नये, कागदावर फक्त क्रमांक असावा. बचत गटाच्या बैठकीनंतर हे काम छान होतं.

आता या मापांतून आकृत्या करायच्या. मोजलेल्या माणसांतून सहा जण निवडा : ठेंगणी सडपातळ बाई, ठेंगणी जाड बाई, मध्यम उंचीची पण आखूड हातांची बाई, मध्यम पुरुष, उंच सडपातळ पुरुष आणि पोट सुटलेला धिप्पाड पुरुष. ही सहाही खरी माणसं आहेत, कोष्टकातून जुळवलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या अवयवांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खरं राहतं. 'मेकह्यूमन' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात वय, उंची, वजन यांच्या सरकपट्ट्या आहेत, आणि मापांच्या वेगळ्या पानावर हात, छाती, कंबर असं एकेक माप बसवता येतं. तिथून आकृती 'ब्लेंडर' या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये न्या, सांधे वळवा आणि तुमच्या यंत्राचं सीएडी मॉडेल एसटीएल फाइल करून शेजारी आणा. फ्रीकॅडमध्ये काम करत असाल तर उलट, वळवलेली आकृतीच तिकडे घेऊन जा. एक खोडी लक्षात ठेवा : मेकह्यूमनचं मूळ एकक डेसिमीटर आहे. एक्स्पोर्ट करताना एकक बदललं नाही तर आकृती दहापट मोठी किंवा लहान येते. दरवेळी शेजारी 150 सेंटिमीटरचा ठोकळा उभा करून खात्री करा. आणि हेही ध्यानात असू द्या की हे चित्रकारांसाठी केलेलं साधन आहे. बसल्यावर मांडी दबते, ते त्याला कळत नाही. खांद्याचा सांधा वर उचलला की माणसासारखा सरकत नाही. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक गृहीत धरूनच निर्णय घ्या.

आकृती ताठ उभी करून हात यंत्रावर ठेवला की झालं, असं होत नाही. काम चालू असताना बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा, तो थांबवून पाठ किती वाकली, मान कुठे, कोपर किती अंशात ते बघा आणि आकृतीला तेच वळण द्या. आपल्याकडची कामं उकिडवं बसून, मांडी घालून, कमरेत वाकून होतात. परदेशी प्रणालीतल्या तयार बैठका खुर्चीच्या असतात, त्यामुळे उकिडवी बैठक हाताने घडवावी लागते. अंगावरचं कापड विसरू नका. पदर, ओढणी, पावसाळ्यातलं प्लास्टिकचं इरलं, हातमोजे, गमबूट यांनी जागा लागते, आणि फिरत्या भागापाशी त्यांचाच धोका असतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. ओळीत लावलेल्या भातात फिरवायचा कोनोविडर. पुढे चिखलावर तरंगणारा फ्लोट, मागे दातेरी दोन शंकू, आणि ढकलायला तिरका दांडा. ढकलताना हात कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली असले तर जोर नीट लागतो. कोपराची उंची एकूण उंचीच्या साधारण 63 टक्के असते. 142 सेंटिमीटरच्या बाईचं कोपर जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर, 175 च्या पुरुषाचं 110 वर. फरक 20 सेंटिमीटर. हे शेडच्या कोब्यावर. खाचरात काय होतं बघा. पाय चिखलात रुततात, समजा 12 सेंटिमीटर. फ्लोट तरंगतो, म्हणून विडर फार तर 3 सेंटिमीटर दबतो. कोब्यावर मुठीची उंची 100 असलेला विडर चिखलाच्या पृष्ठभागापासून 97 वर राहिला. त्या बाईचं कोपर मात्र पृष्ठभागापासून 78 वर आलं आणि खांदा 104 च्या आसपास. म्हणजे मूठ कोपराला नाही, जवळजवळ खांद्याला आली. तिला हात उचलून धरावे लागतात, खांदे भरून येतात आणि जोर लागत नाही म्हणून ती पुढे झुकते. 175 चा पुरुष त्याच चिखलात उतरला तर त्याचं कोपर 98 वर, मूठ 97 वर. त्याला तो विडर अगदी बेताचा बसतो. शेडमध्ये चाचणी घेणारा बहुतेक वेळा तोच असतो, आणि खाचरात बेणणी करणारी बहुतेक वेळा ती असते.

संगणकावर चिखल दाखवायला काही लागत नाही. दोन सपाट पृष्ठभाग काढायचे, एक पायाखालच्या घट्ट थराचा आणि एक चिखलाच्या वरच्या पातळीचा. आकृती खालच्यावर उभी करायची, विडर वरच्यावर टेकवायचा. मग दांडा खाली आणायचे दोन मार्ग ताडून बघता येतात. समजा दांडा 130 सेंटिमीटर लांब आणि 45 अंशांत आहे. तो 35 अंशांवर आडवा केला तर मूठ सुमारे 17 सेंटिमीटर खाली येते, पण जवळपास 15 सेंटिमीटर मागेही जाते. बाई शंकूंपासून लांब राहते, पाय अडकत नाही, मात्र जोर आडवा लागतो आणि दाते कमी रुततात. कोन तोच ठेवून दांडा 24 सेंटिमीटरने आखूड केला तरी मूठ तेवढीच खाली येते, ढकलण्याची दिशा तीच राहते, पण आकृतीचं पाऊल पुढे पडताना पायाची नडगी चौकटीला लागते का ते तपासावं लागतं. माझा कौल दोन्हीला थोडं थोडं : दांडा दुहेरी पाइपचा, एकात एक सरकणारा, आणि बुडाशी कोनाची तीन भोकं. सरकत्या पाइपला 25 मिलिमीटरवर एक अशी नऊ भोकं पाडली की लांबीत 20 सेंटिमीटरची सोय झाली. नट-बोल्ट किंवा विंग बोल्ट लावू नका, चिखलात तो जाम होतो आणि बाई मग एकाच मापावर काम करत राहते. स्प्रिंगची लॉकपिन साखळीने बांधून द्या. भोकांशेजारी रंगाचे पट्टे मारा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आपलं माप चटकन लावता येतं.

मुठीकडेही बघा. एक इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास साधारण 34 मिलिमीटर असतो, वर रबरी ग्रिप चढली की चाळिशीला जातो. लहान तळव्याला ते जाड पडतं, बोटं पूर्ण वळत नाहीत. पाऊण इंची पाइप साधारण 27 चा, ग्रिपसकट 32-33 होतो. मूठ त्याचीच करा. दुकानात तोच पाइप शिल्लक आहे म्हणून एक इंची वापरायचा मोह होतो, तो टाळा.

मापाचा नियम मात्र प्रत्येक ठिकाणी एकच नसतो. मळणी यंत्र बघा. यंत्र बंद करायचं बटण किंवा क्लचचा दांडा सर्वांत आखूड हाताच्या आकृतीला, जागचं न हलता पोचला पाहिजे. पण ज्या पत्र्याच्या चुटीतून पेंढी आत सारतात, तिची लांबी सर्वांत लांब हाताच्या आकृतीने ठरते, कारण त्या माणसाचाही हात ड्रमपर्यंत जाता कामा नये. हात तुटण्याच्या अपघातांमुळेच 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. भारतीय मानक आयएस 9020 मध्ये चूट किमान 900 मिलिमीटर लांब आणि त्यातली 450 मिलिमीटर वरून झाकलेली असावी असं म्हटलं आहे. चूट आखूड असली की पेंढी सारायला सोपी जाते, म्हणून गिऱ्हाईक ती कापून मागतं. कापून देऊ नका. लॅपटॉप फिरवून त्याला उंच पुरुषाची आकृती आखूड चुटीत हात घालताना दाखवा, बोटं ड्रमच्या दात्यांत गेलेली दाखवा. शब्दांनी जे पटत नाही ते बऱ्याचदा या एका चित्राने पटतं. संरक्षक जाळीला मात्र तिसरा नियम : जाळीचं भोक सर्वांत बारीक बोटाच्या हिशेबाने, आणि खळ्यावर पोरं खेळत असतात हे धरून. आत शिरून दुरुस्ती करायच्या दारासाठी पुन्हा उलट, तिथे धिप्पाड माणूस धरायचा.

कंपनीच्या कामाला हेच सूत्र लागू आहे, फार विस्तार करत नाही. असेंब्लीच्या टेबलाची उंची बदलती ठेवता येत नसेल तर ती उंच माणसाच्या कोपराने ठरवा आणि ठेंगण्यांसाठी पायाखाली पाट द्या. उंच माणसासाठी जमीन खणता येत नाही. रॅकचा वरचा कप्पा ठेंगण्या आकृतीच्या खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. वजन उचलायचं असेल तर अमेरिकेतल्या नायोश संस्थेच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असताना धरलेला कमाल आकडा 23 किलो आहे, आणि अंतर, वाकणं, वळणं वाढलं की तो झपाट्याने खाली येतो. कंपनीचा इंजिनिअर 'रुला'चा गुण विचारेल. 1993 मध्ये आलेली ही पद्धत मान, पाठ, हात यांच्या कोनांवरून ताणाचा गुण देते, आणि तुमच्या आकृतीचे कोन मोजून तो कागदावरही काढता येतो. परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली आणि पॉलिटेक्निकमधली मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. त्यांना हे काम द्या, त्यांना शिकायला मिळेल आणि तुम्हाला ड्रॉइंग मिळेल.

आकृती दमत नाही, तिला घाम येत नाही, तिचा हात निसटत नाही. म्हणून संगणकावर पास झालेलं डिझाइन थेट पंचवीस नगांत काढू नका. भंगारातला अँगल, प्लाय, बांबू जे हाताशी असेल त्यातून खऱ्या मापाचा एक ढाचा उभा करा. ज्या सहा जणांवरून आकृत्या केल्या त्यांनाच बोलवा. अर्धा तास खरं काम करू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा, कुठे दुखतंय. कागदावर माणसाची बाह्याकृती काढून त्यांना बोट ठेवायला सांगा. त्या दिवशी त्यांना पूर्ण रोज द्या. ती मदत नाही, काम आहे. पडद्यावर सगळं बरोबर दिसत असताना दोन बायकांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर बायका बरोबर आहेत. त्या जागेचा सांधा, पकड, कोन पुन्हा तपासा आणि आकृतीचं वळण दुरुस्त करा.

विडरसाठी हा सगळा खटाटोप करायचा तर वेळ पावसाच्या आधीचा आहे. मापं उन्हाळ्यात घ्या, तेव्हा माणसं गावात भेटतात. आकृत्या आणि ढाचा मेपर्यंत उरका. लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी पहिली बेणणी येते. तेव्हा एक नग खाचरात उतरवा आणि पाय किती रुततो ते तिथेच पट्टीने मोजा, कारण हा आकडा कुठल्याच कोष्टकात नाही आणि खाचरागणिक बदलतो. तो आकडा संगणकातल्या त्या दोन पृष्ठभागांमध्ये भरा, भोकांची जागा पक्की करा, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मटेरियलच्या खाली एक ओळ कायमची वाढवा : वापरणाऱ्यांची उंची इतकी ते इतकी, तळवा इतका ते इतका, मोजलेली माणसं इतकी, त्यांत बाया इतक्या.